पहिल्या नंबरचा बोंबील

मोडेम किंचाळला तसे हजारभर हात जोडले गेले.

शहाडला उल्हास नदीच्या अलीकडे पत्र्याची एक लांबलचक शेड होती. पूर्वी तिथे कापडाचे तागे ठेवत. एकोणीसशे नव्याण्णव सालच्या नोव्हेंबरात तिथे दर गुरुवारी तेजोनाथ महाराज बसू लागले होते. महाराजांपुढे समई, समईशेजारी कॉम्प्युटर, कॉम्प्युटरच्या गळ्यात झेंडूचा हार, आणि लोकांना दिसावं म्हणून उंच टेबलावर एक मोठा रंगीत टीव्ही. त्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं आणि येताना एवढा आरडाओरडा करायचं की पाळण्यातलं मूल दचकून उठावं.

"ऐका!" महाराजांनी डोळे मिटले. "हा यंत्राचा आवाज नव्हे. सृष्टीच्या आरंभी जो नाद झाला, तो हा!"

कीं… खर्रर्र… टुंई टुंई… असा तो सृष्टीचा आरंभ चालला होता. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातून आलेल्या मंजुळाबाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. बर्फ फोडायच्या मशिनीत गोणपाट अडकलं की अस्साच आवाज येतो, असं त्यांच्या मनात आलं. पण शेजारी त्यांचा मुलगा मोरू हात जोडून बसला होता, म्हणून त्यांनीही जोडले.

"आता ज्याला शंका आहे त्यानंच पुढं यावं," महाराज म्हणाले. "आजाराचं नाव स्वतःच्या हातानं लिहा. पुढं फक्त 'डिव्हाइन क्युअर' एवढं लिहा. मी हात लावणार नाही, माझा शिष्य आनंदा हात लावणार नाही. जगातली कोट्यवधी पानं हे यंत्र चाळेल आणि त्यातलं एक पान सर्वांत वर ठेवेल. कुणाचं, ते तुम्हीच वाचा!"

अंबरनाथचे एक गृहस्थ वर गेले. त्यांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, मधुमेहाचं इंग्रजी नाव लिहिलं. टीव्हीवर यादी उमटली. पहिल्या ओळीत: तेजोनाथ महाराज, शहाड. मग एक बाई गेल्या, त्यांनी अर्धशिशी लिहिली. पहिल्या ओळीत: तेजोनाथ महाराज, शहाड. शेडमध्ये वारं फिरावं तशी कुजबुज फिरली.

"यंत्र अमेरिकेचं!" महाराजांचा आवाज चढला. "गणित अमेरिकेचं! त्या गणिताला पेटंट आहे, पेटंट! म्हणजे काय? म्हणजे खोट्याला तिथं जागाच नाही! मी म्हणत नाही हो मी पहिला आहे. मी कोण म्हणणारा? पेटंट म्हणतं!"

"बघितलंस, आये?" मोरू आईच्या कानाशी लागला. "इथे माणसाचा हातच नाही. मशीन आहे. मशीनला कुठलं नातंगोतं?"

मोरू ठाण्याच्या कोर्टात टायपिस्ट होता. घराण्यातला पहिला पदवीधर. साध्यासुध्या बुवाच्या तो नादी लागला नसता. अंगारा देणाऱ्या एकाला त्यानेच कोळीवाड्यातून हाकलून दिलं होतं. पण मशीन म्हटलं की त्याची मान आपोआप खाली झुके.

आणि आज त्याच्या पलीकडे त्याची बायको बसली होती. जनी. सप्टेंबरात तिला क्षय निघाला होता. महानगरपालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "सहा महिने गोळ्या. दोन महिन्यांत बरं वाटायला लागेल, तेव्हा सोडाल तर आजार उलटून येईल आणि मग ह्याच गोळ्यांना जुमानणार नाही." दोन महिने झाले होते. जनीला बरं वाटत होतं. खोकला गेला होता, गालावर रंग आला होता, आणि रोजच्या मूठभर गोळ्यांचा तिला वीट आला होता.

महाराजांनी तिची नाडी पाहिली. "लघवी लाल होते ना, बाळ?"

जनीने लाजत मान हलवली.

"रक्त जळतंय! गोळ्या रक्त जाळतायत! येत्या दत्तजयंतीला मोठा दरबार आहे. त्या दिवशी सगळ्या गोळ्या उल्हासमाईच्या पाण्यात सोडायच्या. तोवर ही उशाखाली ठेव."

आनंदाने तिच्या हातावर एक काळी फ्लॉपी ठेवली. फ्लॉपीला हळदकुंकू लावलेलं होतं.

घरी आल्यावर मोरू गोळ्यांची पिशवी फडताळावर टाकायला निघाला, तेव्हा मंजुळाबाईंनी त्याचा हात धरला.

"लघवी लाल होनार, घाबरू नको, कॅप्सूलचा रंग हाय तो, असं डॉक्टरीनबाईनी पहिल्याच दिवशी सांगलेलं. इसरलास?"

"आये, तुला काय कळतं त्यातलं?"

"मना नाय कळत. पन महाराजांनी दिवस कुठला सांगला? दत्तजयंतीचा ना? मंग तवर गोळ्या चालू. महाराजांचा शब्द तू मोडतस काय?"

मोरूने पिशवी आईच्या हातात दिली. रोज रात्री जेवण झालं की मंजुळाबाई गोळ्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन सुनेसमोर बसत आणि घशाखाली उतरल्याशिवाय उठत नसत. पण दत्तजयंती बावीस डिसेंबरला होती. महिनाभराचीच सवड होती.

खोपटच्या एसटी डेपोसमोर सुमतीचा सायबर कॅफे होता. चार कॉम्प्युटर, एक पंखा, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. तिचे वडील त्याच डेपोत मेकॅनिक होते. ती स्वतः दहा वर्षं कॉलेजात गणित शिकवून कंटाळली आणि हे दुकान काढून बसली. दर रविवारी ती मंजुळाबाईंकडून मासळी घेई आणि घासाघीस करताना गणिताचा जराही फायदा तिला होत नसे.

मंजुळाबाईंनी पिशवीतून हळदकुंकवाची फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली आणि सगळी हकिकत सांगितली. सुमतीने फ्लॉपी पदराला पुसली आणि मशिनीत सरकवली.

"मावशी, ह्यात मंत्र नाही."

"मंग काय हाय?"

"लग्नाचा बायोडेटा. 'चि. आनंदा, उंची पाच फूट चार इंच, निर्व्यसनी, स्वभाव मनमिळाऊ, वेब पेजेस बनवण्याचा अनुभव. शाकाहारी मुलीस प्राधान्य.' खाली शहाडचा फोन नंबर."

"म्हंजे माझी सून महिनाभर त्या मेल्याचं स्थळ उशाला घेऊन झोपनार होती?" मंजुळाबाईंनी कपाळावर हात मारला आणि मग दोघीही इतक्या हसल्या की पलीकडे चॅटिंग करणारा मुलगा वळून बघू लागला.

हसणं ओसरल्यावर मंजुळाबाई म्हणाल्या, "पन बाय, मशीनवर नाव पयलं आलं ते खरंच. मी बघितलं. मशीन कसं ठरवतं कोन पयला?"

सुमती विचारात पडली. मॅट्रिक्स, संभाव्यता असले शब्द तिच्या तोंडाशी आले आणि परत गेले. "इंटरनेटवर प्रत्येक पानावरून दुसऱ्या पानाकडे जायला वाट ठेवलेली असते. लिंक म्हणतात. म्हणजे हे पान त्या पानाकडे बोट दाखवतं, 'तिकडे जा, तिथे चांगलं आहे.' ह्या मशीनला पानावरचा मजकूर खरा की खोटा ते कळत नाही. ते बघतं, कुणाकडे किती जण बोट दाखवतात. आणि ज्याच्याकडे पुष्कळ बोटं वळलेली असतात त्याचं बोट जास्त वजनाचं धरतं."

मंजुळाबाईंनी डोळे बारीक केले. "ही तर आमची बाजाराची रीत."

आणि होतीच ती. ठाण्याच्या मासळी बाजारात तेव्हा एक कायदा होता, कुठेही न लिहिलेला. आपल्या टोपलीत गिऱ्हाइकाला हवी ती मासळी नसली तर त्याला माघारी पाठवायचं नाही. बोट करून दाखवायचं, 'त्या बायकडं जा.' आणि थोरल्या केशरबाईंचं बोट म्हणजे दहा जणींच्या बोटांच्या बरोबरीचं, कारण बाजारातली प्रत्येक कोळीण नड पडली की केशरबाईंकडे बोट दाखवी.

"ब्याऐंशी साली एक आलेली," मंजुळाबाई सांगू लागल्या, "धोंडिबाची बायको. पापलेट तीन दिवसांचं, पन चार नणंदा चार कोपऱ्यांवर बसवलेल्या. टोपल्यांत दोन-दोन कोलंब्या, नावाला. गिऱ्हाईक आलं की चौघी एकाच दिशेनं बोट! आठ दिवस ती बाई बाजारात पयली होती. मंग केशरबाई उठली, कोपऱ्याकोपऱ्याला फिरली आन मना म्हनली, 'बोटं मोजू नको, पोरी. बोट कोनाचं ते बघ. घरच्यांशिवाय दुसरं कोनी तिच्याकडं बोट करतं काय?'"

सुमती टेबलावर पुढे झुकली. तिने मशिनीला उलटा प्रश्न घातला: महाराजांच्या पानाकडे बोट दाखवणारी पानं कोणती? उत्तर आलं, बेचाळीस. 'कॅलिफोर्निया हीलिंग सोसायटी.' 'जर्मन डॉक्टरांचा महासंघ.' 'जागतिक तेजोपीठ, लंडन.' एकाहून एक भारदस्त. सुमती वाचत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. "मावशी, खरंच बाहेरची दिसतात."

मंजुळाबाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांना फक्त आकडे वाचता येत, बसच्या पाटीवरचे आणि टेलिफोनचे. त्यामुळे त्यांची नजर भारदस्त नावांवर ठरलीच नाही. ती सरळ पानाच्या तळाशी गेली.

"हा नंबर काय हाय?"

"संपर्काचा फोन असेल."

"दुसरं पान दाखव. आता तिसरं. बाय, जर्मनीच्या डॉक्टरचा आन लंडनवाल्याचा फोन एकच कसा? आन हा तर त्या पाच फूट चारचा नंबर!"

सुमतीने एकेक करून बेचाळीस पानं उघडली. बेचाळीसच्या बेचाळीस आनंदाच्या घरी राहत होती. ती एकमेकींकडे बोट दाखवत होती, सगळी मिळून महाराजांकडे बोट दाखवत होती, आणि ह्या घोळक्याबाहेरचं एकही पान त्यांच्याकडे ढुंकून बघत नव्हतं.

"मोरू म्हनतो, मशीनला नातंगोतं नाय," मंजुळाबाई म्हणाल्या. "मशीनला नसंल. पानांना हाय. ह्या सगळ्या नणंदा!"

"आणि 'डिव्हाइन क्युअर' कशाला लिहायला लावतात तेही कळलं. ते शब्द लिहिणारे जगात मुळात थोडे. ओस पडलेल्या बाजारात चार नणंदा पुरतात."

"आन ते पेटंट?"

"पेटंट म्हणजे देवाचा शिक्का नव्हे, मावशी. आपली युक्ती दुसऱ्याने उचलू नये म्हणून सरकारकडे केलेली नोंद, आणि नोंद करायची तर युक्ती कशी चालते ते कागदावर उघड लिहून द्यावं लागतं. ह्या मशीनवाल्यांनी आपल्या रीतीवर लेखसुद्धा लिहिलाय, कुणीही वाचावा. त्या आनंदाने वाचला असणार. मोजायच्या रीतीला पेटंट मिळतं. मोजलेलं खरं आहे, असं त्यात कुठेच लिहिलेलं नसतं."

हे सगळं मंजुळाबाईंनी घरी सांगितलं. मोरू हसला. "बेचाळीस पानं म्हणजे बेचाळीस भक्त असतील. एका फोनवरून सेवा करत असतील. आये, मोठ्या माणसावर लोक जळतातच. ते सोड, पहिला नंबर कुणाचा? एवढंच सांग."

दुसऱ्या दिवशी टोपली डोक्यावर तशीच घेऊन मंजुळाबाई कॅफेत आल्या. "बाय, त्याला पयल्या नंबराशिवाय दुसरं काय दिसत नाय. मंग पयला नंबर आपन घ्यायचा. काय लिवायचं ते मी सांगते. फोटो माझा टाक. हाताशी काय हाय? सुका बोंबील. चालंल."

सुमती हसता हसता थांबली. "चालेल. पण नणंदा बसवायच्या नाहीत."

"नाय बसवायच्या. आपल्याला केशरबाईचं बोट पायजे."

पान इंग्रजीत तयार झालं, आणि त्यात क्षयाचं नाव आणि 'डिव्हाइन क्युअर' हे दोन शब्द मुद्दाम घातले. मग सुमतीने तीन पत्रं लिहिली: परदेशात विद्यापीठात शिकवणाऱ्या आपल्या एका मैत्रिणीला, छातीच्या आजारांच्या डॉक्टरांच्या एका संस्थेला, आणि विज्ञानावर लिहिणाऱ्या पुण्याच्या एका मंडळाला. तिघांनाही खरं ते सांगितलं. बाई आजारी आहे, गोळ्या सुटतील, एक बोट दाखवा. आठवड्याभरात तिघांनीही आपापल्या पानांवरून बोट दाखवलं. ही तिन्ही पानं अशी, की ज्यांच्याकडे शेकडो अनोळखी पानांची बोटं वळलेली होती.

तरी नंबर हलेना. "मशीन महिन्यातून एखाद्या वेळीच सगळ्या पानांची फेरी मारतं," सुमती सांगे. मंजुळाबाई रोज टोपली उतरवून विचारत, "आला काय बोंबील?" वीस तारखेला बोंबील एकतिसावा होता. एकवीसला डेपोसमोर रस्ता खणला आणि सुमतीच्या दुकानाचा फोनच मेला. बावीसला सकाळी मोरूने गोळ्यांची पिशवी जनीच्या हातात दिली, जनी नवं लुगडं नेसली, आणि बोंबील कितवा आहे हे कुणालाच ठाऊक नसताना सगळे शहाडला निघाले. सुमतीही मागून आली.

शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कडेला पितळेचं मोठं घंगाळ होतं. त्यात लोकांच्या गोळ्या, बाटल्या, इंजेक्शनं जमा होत होती. दुपारी ती उल्हास नदीत जायची होती. मोडेम किंचाळला, हात जोडले गेले.

"शंका असेल त्यानं पुढं यावं!"

मंजुळाबाई उठल्या. जनीच्या हातातली पिशवी त्यांनी आपल्या काखेत मारली आणि मोरूच्या दंडाला धरून त्याला व्यासपीठावर नेलं.

"मना लिवता येत नाय, महाराज. माझा पोरगा लिवंल. कोर्टात टायपिस्ट हाय. तुमचा भक्त हाय, म्हंजे त्याच्यावर तुमचा भरवसा असंल."

"लिही, बेटा," महाराज प्रसन्नपणे म्हणाले. "यंत्र खोटं बोलत नाही."

मोरूने भक्तिभावाने क्षयाचं नाव आणि पुढे ते दोन शब्द लिहिले. बटण दाबलं. मंजुळाबाईंनी डोळे मिटले. आयुष्यात कधी केला नव्हता असा नवस त्यांच्या ओठांवर आला, आणि त्यांनी तो गिळला.

टीव्हीवर पहिली ओळ उमटली. मोरू वाचायला लागला आणि अडखळला.

"वाच ना, बेटा. मोठ्यानं!"

"मंजुळाबाई… सुका बोंबील… ठाणे."

मोरूने नकळत त्या ओळीवर बटण दाबलं. त्या काळी चित्र एकदम येत नसे, वरून खाली सरकत सरकत येई. आधी केसांतली अबोली आली. मग कपाळ. मग नाक. "हिला मी वळखतो!" मागून कुणी तरी ओरडला. "ही हितंच उभी हाय!" मग हात आले, आणि हातांत धरलेला वीतभर लांबीचा, वाळलेला, वाकडा बोंबील.

आधी एक पोरगी खुदकन हसली. मग पत्रे हादरले.

"माया!" महाराज ओरडले. "आनंदा, बंद कर! ही विरोधी शक्तीची माया आहे!"

"असं कसं, महाराज?" मंजुळाबाई म्हणाल्या. "आताच तर म्हनलाव, यंत्र खोटं बोलत नाय. पेटंटाचं हाय. मंग आजपासून माझ्या बोंबलाच्या पाया पडा!"

"पुढे काय लिहिलंय ते वाच, मोरू," खालून सुमती म्हणाली.

मोरूने वाचलं. इंग्रजी वाचून मराठीत सांगत, कोर्टात साक्ष वाचावी तशा सपाट आवाजात. "'पहिला नंबर हा चमत्कार असेल, तर हा बोंबीलसुद्धा देव आहे. बोंबलाने क्षय बरा होत नाही. तेजोनाथ महाराजांनीही होत नाही. गोळ्यांनी होतो. पुरे सहा महिने. मधे सोडू नका.'"

सुमती वर आली. फोन चालू होता तोवर तिने बेचाळीस नणंदांची यादी टीव्हीवर काढली आणि एकेका पानाचा तळ दाखवला. "नंबर वाचा," ती लोकांना म्हणाली, आणि लोक वाचू लागले. कॅलिफोर्निया: तोच. जर्मनी: तोच. दहाव्या पानाला सगळी शेड एका सुरात तो नंबर म्हणत होती. मग मंजुळाबाईंनी फ्लॉपी काढली.

"आन हा मुलगा लग्नाचा हाय," त्या म्हणाल्या. "उंची पाच फूट चार. कोनाला शाकाहारी पोरगी असंल तर ह्याच नंबरावर फोन करा."

आनंदा तोंड लपवून समईमागे सरकला. महाराज कधी उठले ते कुणी पाहिलंच नाही, कारण सगळे घंगाळाकडे धावले होते. आपापल्या गोळ्या शोधायला एकच झुंबड उडाली. "माझी साखरेची कुठली?" "अहो, ती माझ्या सासऱ्यांची, ब्लडप्रेशरची!" सुमती घंगाळापुढे हात पसरून उभी राहिली आणि ओरडून सांगत राहिली, "नाव बघा! नाव नसलेली एकही गोळी घेऊ नका, दवाखान्यातून नवी आणा!"

मोरू कॉम्प्युटरपुढे तसाच बसून होता. मंजुळाबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आये," तो पुटपुटला, "जनीच्या गोळ्या…"

"माझ्या काखेत हायत. घंगाळात टाकायला मी काय खुळी हाय?"

मार्चअखेर जनीचे सहा महिने पुरे झाले. डॉक्टरीणबाईंनी थुंकी तपासली, एक्स-रे पाहिला आणि कार्डावर रेघ मारली. त्या दिवशी मोरू स्वतः टोपली उचलून आईबरोबर बाजारात गेला.

पुढे बरेच दिवस कुठून कुठून लोक बोंबील शोधत येत. कुणी थट्टेने येई, आणि कुणी कुणी, खोटं कशाला सांगा, अगदी खरोखर हात जोडून. "त्या पहिल्या नंबरच्या बोंबीलवाल्या बाई तुम्हीच का? आमच्या ह्यांना जुना खोकला आहे हो."

मंजुळाबाई बोंबील मोजून देत आणि मग पिशवी धरून ठेवत, हातात सोडत नसत.

"भाजून खा, चटणी करून खा, चवीला चांगला हाय. खोकल्याला दवाखाना हाय, तो त्या बाजूला. आन एक ध्यानात ठेवा. कोनी म्हनलं अमकं पयलं, तमकं मोठं, तर कोन म्हनतंय ते आधी बघा. त्याचा घरचा हाय की बाहेरचा, ते इचारा. इचारायला कोनी नको म्हनलं, तर तिथनं उठा."

मग त्या पिशवी सोडत, आणि दवाखान्याच्या दिशेने बोट दाखवत.